कोटाचा दरवाजा आणि सकाळची गाडी

माझं दुकान दरवाजात आहे. दरवाजाजवळ नव्हे, दरवाजातच. अलिबागहून मुरुडकडे जाताना काशीदच्या अलीकडे समुद्राच्या बाजूला एक फाटा वळतो आणि आमच्या गावात शिरण्याआधी एका दगडी कमानीखालून जातो. पूर्वी इथे कोट होता. कोणी म्हणतं पोर्तुगीजांचा, कोणी म्हणतं त्यांच्याही आधीचा. तट बऱ्याच ठिकाणी पडला, बुरुजांवर वड-पिंपळ उगवले, पण दरवाजा धडधाकट राहिला. त्याच्या लाकडी फळ्या कधीच गेल्या, राहिली ती कमान. कमानीखाली दोन अंगांना दोन देवड्या आहेत. पहारेकऱ्यांनी बसावं म्हणून भिंतीत केलेले खोलीएवढे कोनाडे. आत शिरताना उजव्या हाताच्या देवडीत मी शिलाई मशीन टाकून बसते आणि गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते. डाव्या हाताच्या देवडीत पंचायतीच्या फुटक्या पाइपांचं भंगार आणि दोन कुत्री असतात. पंचायतीनं मला ती देवडी दिली तेव्हा कुत्री माझ्याच बाजूला होती. त्यांनी अजून मला माफ केलेलं नाही.

लोक विचारतात, तुला दरवाजाचा एवढा पुळका का? पुळका आहे, मी नाकारत नाही. मे महिन्यात बाहेर डोकं तापतं तेव्हा माझ्या देवडीत समुद्राकडून वारं येतं आणि पंखा लावावा लागत नाही. गावात कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या मुलीला बघायला पाहुणे आले, कोणाच्या पिशवीतून पापलेट डोकावतंय आणि कोण बोंबलावर भागवतंय, हे सगळं मला जागेवर बसून कळतं. नवऱ्याचं म्हणणं, मी ब्लाउज शिवायला बसत नाही, गावावर नजर ठेवायला बसते आणि मधल्या वेळात ब्लाउज शिवते. तो कंपनीत पाळीवर जातो, घरी आला की गावातली बातमी त्याला माझ्याकडूनच मिळते, त्यामुळे त्यानं बोलू नये.

गावात काही मोठं आणायचं तर आधी दरवाजाची परवानगी लागते. सार्वजनिक गणपतीला कायम बसावंच लागतं, कारण उभा गणपती टेंपोवर चढवला की मुकुट कमानीला लागतो. पेंढ्याचा ट्रक बाहेर थांबतो आणि पेंढा डोक्यावरून आत येतो. मांडव्याला मोटारी घेऊन येणारी बोट सुरू झाल्यापासून मुंबईचे लोक आमच्याकडे बंगले बांधू लागले. त्यांच्यापैकी एका साहेबांनी पोहण्याचा तयार हौद मागवला, अख्खाच्या अख्खा, निळा. तो दरवाजापर्यंत आला आणि तिथेच उपडा पडून राहिला. साहेब चिडले, मग हसले, मग मुंबईला गेले. पावसाळ्यात कोणीतरी तो सुलटा केला आणि बेडकांची चंगळ झाली.

सरकारी लाल गाडी मात्र जायची. अलिबागची गाडी रात्री गावात मुक्कामाला असायची आणि सकाळी देवळाच्या चौकातून सुटायची. ड्रायव्हर आरसे आत वळवायचा, कंडक्टर खाली उतरून हात हलवायचा आणि गाडी माझ्या नाकासमोरून वीतभर अंतरावरून सरकायची. मी मशीन थांबवून बसायचे. खिडकीतल्या बायका तेवढ्यात कापड माझ्या मांडीवर टाकायच्या. "गळा मोठा नको ठेवू गो, सासू हाय घरात," एवढं सांगून होईपर्यंत गाडी बाहेर. माझा निम्मा धंदा त्या खिडक्यांतून झाला आहे.

त्या गाडीत रोज पहिली चढायची ती माझी मोठी जाऊ. आमची घरं एका कुडाच्या अंतरावर आहेत, मागे वाडी सामाईक. वाडीतले नारळ, शेवग्याच्या शेंगा, केळफुलं, अळूची पानं, श्रावणात सोनचाफा, असं सगळं टोपल्यांत भरून ती अलिबागच्या बाजारात नेते. तिच्या हातच्या मालाला गिऱ्हाईक वाट पाहत असतं. ती कोणाशी गोड बोलत नाही, भावात एक पैसा सोडत नाही, तरी बायका तिच्याकडेच येतात. पण त्या बाजारात जागेवर कोणाचं नाव नसतं. जो आधी येऊन बसतो, त्याची ती जागा. माझ्या जावेची जागा मोक्याची, पिंपळाच्या सावलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. ती तिला मिळत होती ती सकाळच्या गाडीमुळे. दोन टोपल्या आणि एक पोतं घेऊन ती चौकातच, घरासमोर चढायची आणि बाजारासमोर उतरायची. गुडघे केव्हाच बोलायला लागले होते, पण गाडी होती तोवर गुडघ्यांचं कोणी ऐकत नव्हतं.

मग दिवाळीच्या आधी रस्त्यावर आणखी एकदा डांबर पडलं.

आमच्याकडे रस्ता खराब झाला म्हणून डांबर पडतं असं नाही. निवडणूक आली की पडतं, कोणी मोठा माणूस येणार असला की पडतं, आणि अलीकडे शनिवार-रविवारच्या पाहुण्यांच्या मोटारींना धक्के बसू नयेत म्हणूनही पडतं. त्या खेपेला रस्ता फारच सुरेख झाला. सरपंचांनी तो थंड झाल्यावर चपला काढून त्यावरून चालून दाखवलं. आम्ही सगळ्यांनी वा वा केली. मीसुद्धा केली.

कार्तिकात जत्रा असते. रस्त्याच्या कामामुळे तोवर गाडी बाहेरच थांबत होती. त्या दिवशी दुपारची गाडी गच्च भरून आली, दारात लोंबकळणारी माणसंसुद्धा. दरवाजातून येताना वर खर्र असा आवाज झाला, पण जत्रेच्या गडबडीत कोण लक्ष देतो. चौकात सगळी माणसं उतरली. गाडी वळली, रिकामी परत निघाली आणि निम्मी कमानीखाली आल्यावर टप वरच्या दगडात घट्ट बसला. पुढेही जाईना, मागेही येईना.

गाडीचं दार नेमकं माझ्या देवडीसमोर आलं होतं. ड्रायव्हर मला म्हणाला, "ताई, आता काय करू?" जसं काही दरवाजा मीच बांधला होता. मग सल्ले सुरू झाले. एक जण म्हणाला टायरची हवा सोडा. दुसरा म्हणाला हवा सोडल्यावर परत कुठून भरणार. तिसरा पहार घेऊनच आला आणि वरचा दगड फोडतो म्हणाला. त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात माझी जाऊ गर्दीतून पुढे आली. तिनं गाडीकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "येताना भरलेली होती, म्हणून खाली दबली होती. आता रिकामी झाली, वर आली. बसा सगळे आत."

ड्रायव्हर हसू लागला. पण बसायचं कसं? दोन्ही बाजूंना वीतभर फट. तेव्हा सगळ्यांना आठवलं की माझ्या देवडीच्या मागच्या भिंतीत बुरुजावर चढायचं अरुंद दार आहे. झालं. अख्खं गाव बुरुजावर चढून त्या दारातून माझ्या दुकानात आलं आणि माझ्या दुकानातून गाडीत चढलं. शिवायला आलेल्या कपड्यांवर पाय देत, मशीनला धक्के मारत, जिलेबीच्या पुड्या सांभाळत. पुजारी आला, बॅन्डवाले ढोलासकट आले. मला कोणीतरी ओढून आत घेतलं. गाडी करकरत खाली बसली, ड्रायव्हरनं देवाचं नाव घेतलं आणि आम्ही सगळे दगडाला लाल रंग फासत बाहेर पडलो. असा जल्लोष मी वरातीतही पाहिलेला नाही. बॅन्डवाल्यांनी गाडीतच वाजवायला घेतलं.

बाहेर आल्यावर ड्रायव्हर उतरला, टपाकडे बघितलं आणि हात जोडून म्हणाला, "उद्यापासून मी आत येणार नाही. रोज जाताना गाव कुठून भरून आणू?"

त्यानं थट्टेत म्हटलं असेल, पण तसंच झालं. चार दिवसांत हुकूम आला की गाडी कोटाबाहेर थांबेल. आम्ही हसत होतो ते माझ्या जावेच्या अंगावर आलं. चौकापासून दरवाजापर्यंतचा रस्ता मोकळ्या हातानं काहीच नाही, पण दोन टोपल्या आणि पोतं म्हणजे तीन खेपा. दोन खेपा होईपर्यंत गाडी निघून जायची. नंतरची गाडी पकडून ती अलिबागला पोचायची तेव्हा पिंपळाखाली दुसरीच कोणीतरी बसलेली असायची. माझी जाऊ कुठेतरी मासळीच्या गल्लीच्या तोंडाशी उन्हात बसायची आणि निम्मी अळूची पानं कोमेजून परत आणायची. ती रडणारी बाई नव्हे. ती परत आलेली पानं एकेक करून मोजायची, आणि ते मला जास्त टोचलं.

सरपंचांनी उपाय काढला. माणूस मनानं चांगला, पण त्याला नवीन वस्तूंची फार हौस. त्याचं स्वतःचं पाहुण्यांसाठीचं घर आहे, मोठ्या गाड्या आत आल्या तर त्याला हव्याच होत्या. तो म्हणाला, कमान काढून टाकू, दोन्ही बाजूचे दगडी खांब ठेवू, म्हणजे जुनंही राहिलं. वर लोखंडी कमान करू, तिच्यावर 'सुस्वागतम्' आणि रंगीत दिवे. शिवाय कोणा इंजिनिअरनं रस्त्यावरून जाता जाता त्याला सांगितलं होतं की दरवाजा खचतोय. खचतोय म्हणून तर गाडी लागते. आज ना उद्या डोक्यावर पडेल. ते गावाला पटलं. खचलेल्या दरवाजाची दया कोणाला येणार?

माझी जाऊ म्हणाली, काढा.

मी कुडाशी जाऊन तिला समजावलं. "वयनी, दगड एकदा काढला की परत बसत न्हाय."

ती नारळ सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माजी जागा तरी कुठं परत बसतेय?"

"दुसरा काय तरी उपाय असेल."

"तुजं दुकान हाय त्यात. तू उपाय शोध. मना गाडी पायजे."

त्यात खोटं काहीच नव्हतं. दरवाजा गेला तर माझं दुकान जाणार होतं, आणि गाव ते मला तोंडावर ऐकवत होतं. पण मी देवाशपथ सांगते, मला दुकानापेक्षा त्या कमानीचं वाईट वाटत होतं. दुकान मी पडवीतही मांडलं असतं. आणि जावेचं त्याहून वाईट वाटत होतं. दोन्हीकडून माझाच जीव खाली-वर होत होता. तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. तिनं नवा ब्लाउज रेवदंड्याहून शिवून आणला. त्याच्या बाह्या चुकल्या होत्या, ते मला कुडापलीकडून दिसलं आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

थंडी सरत आली तेव्हा एके दिवशी पाण्याचा टँकर गावात आला. पाहुण्यांच्या घरांना पाणी पुरत नाही, म्हणून हे टँकर येतात. त्याचा नळ नीट बंद नव्हता. रस्त्यानं पाण्याची धार लागली आणि ती सरळ माझ्या जावेच्या पडवीत शिरली. पडवीत शेंगांच्या जुड्या बांधून ठेवलेल्या, त्या भिजल्या. ती बाहेर आली आणि टँकरवाला पळाला म्हणून माझ्यावर सुरू झाली. कित्येक आठवड्यांनी बोलत होती, त्यामुळे मी ऐकत राहिले.

"ह्या गावात माणसाला किंमत न्हाय, दगडाला हाय. जो येतो तो माज्या घरात पाणी सोडतो. लग्न होऊन आले तवा तीन पायऱ्या चढून घरात गेले मी. आता रस्त्यावरून घरात उतरायला लागतंय. उद्या रस्त्यावरची म्हैस घसरली तर माज्या चुलीत येल."

मी म्हटलं, "वयनी, त्या पायऱ्या कुठं गेल्या?"

"रस्त्यात गेल्या. आनि कुठं जातील?"

एवढं बोलून ती खराटा घेऊन पाणी काढायला लागली. मी तिथेच उभी राहिले. मग धावत दुकानात गेले. धावत म्हणजे माझ्या वयाची बाई धावते तेवढंच.

देवडीत मी पहिल्यांदा मशीन मांडलं तेव्हा मला चढायला स्टूल लागायचं. मापं देणाऱ्या बायका खाली रस्त्यावर उभ्या राहायच्या आणि मी वरून वाकून टेप लावायचे. हळूहळू स्टूल लागेनासं झालं. मला वाटलं सवय झाली. मग एक पाऊल उचललं की आत. मला वाटलं बरं झालं, म्हातारपणी सोय झाली. एवढी वर्षं मी तिथे बसून गावाच्या खबरी ठेवत होते, आणि माझ्याच पायाखालची खबर मला नव्हती. दरवाजा खाली जात नव्हता. रस्ता वर येत होता.

ग्रामसभा देवळाच्या मंडपात भरली. सरपंच बोलले, इंजिनिअरचं म्हणणं सांगितलं, लोखंडी कमानीचं चित्र दाखवलं. चित्रात दिवे फार छान होते. मी उभी राहिले.

"दरवाजा खचलाय म्हणता. मंग वयनींचं घरपण खचलं काय? त्यांच्या पायऱ्या न्हाय दिसत."

"ते घर जुनं आहे," सरपंच म्हणाले.

"शाळा? शाळेच्या ओट्यावर पोरं पाय सोडून बसायची, आता मांडी घालून बसतात."

मागून कोणीतरी म्हणालं, "माज्या दुकानात पन पायरी उतरून यावं लागतं." दुसरा म्हणाला त्याच्या गोठ्याचं तसंच. पुजाऱ्यानं आठवण करून दिली की दीपमाळेचा चौथरा पूर्वी कमरेपर्यंत होता, आता कुत्रं उडी न मारता चढतं. एकेक जण उठून आपलं घर किती बुडालं ते अभिमानानं सांगायला लागला. शेवटी सरपंचांच्या बायकोनंच सांगितलं की त्यांच्या पाहुण्यांच्या घरात तीन पायऱ्या उतरून जायला लागतं आणि मुंबईचे लोक त्याचे फोटो काढतात. सरपंचांना आतापर्यंत वाटत होतं ती मिस्त्रीची कलाकुसर आहे. सभा हसून लोळायची बाकी राहिली. अख्खं गाव एवढं खचलं असेल तर आपण सगळे समुद्रात असायला हवं होतं, असं पुजारी म्हणाला.

सरपंचही हसले. मग त्यांनी माझ्या जावेला विचारलं, "तुमचं काय म्हणणं? तुमच्यासाठी तर सगळं चाललंय."

ती उठली. माझ्याकडे पाहिलं नाही. "पायऱ्या रस्त्यात हायत, ते खरं हाय. दरवाजा वर करा न्हायतर रस्ता खाली करा, मना दोन्ही सारखं. पन पावसाच्या आधी करा. पावसात मी टोपल्या घेऊन चिखलातून जानार न्हाय."

ती बसली आणि सभा संपली.

आता रस्ता खाली कसा करायचा? सरपंच चौकशी करून आले आणि डोकं धरून बसले. रस्ता करायला योजना आहेत. रस्ता रुंद करायला आहेत, रस्त्यावर रस्ता करायला आहेत. रस्ता काढायला एकही नाही. ज्या ठेकेदाराला विचारलं त्यानं त्यांच्याकडे काळजीनं पाहिलं. मग गावानंच हातात घेतलं. दर रविवारी घरटी एक माणूस. दरवाजाच्या आत-बाहेर लांबवर उतार काढायला यंत्र आणलं, पण कमानीखाली हातानंच खणायचं ठरलं.

ते काम म्हणजे मजाच झाली. वरचं काळं फोडलं की खाली खडी, खडीखाली परत काळं, त्याखाली परत खडी. सरपंच थर ओळखायला लागले. "हा माझा," ते पहिल्या थराला म्हणाले. दुसऱ्या थरावर त्यांच्या आधीचे सरपंच पुढे आले आणि म्हणाले, "हा माजा. बघा, अजून कसा घट्ट हाय." फावड्यात बांगड्यांचे तुकडे आले, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव आली, एक चप्पल आली. ती चप्पल एका म्हाताऱ्यानं ओळखली. तरुणपणी जत्रेत ताज्या डांबरात रुतली होती म्हणे. त्यानं ती धुऊन घरी नेली.

माझी जाऊ रोज यायची, रविवारची वाट न पाहता. माझ्याशी बोलायची नाही, पण घमेलं माझ्याच बाजूनं उचलायची. एकदा तिनं तोंड उघडलं ते "माती माज्या पायावर टाकू नकोस" एवढ्यासाठी. मी म्हटलं बरं. तेवढ्यानंही मला हुशारी आली.

सगळ्यात खाली काळ्या दगडाची फरशी लागली. नीट घडवलेले मोठमोठे चिरे, आणि त्यांत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या. आम्ही पाणी ओतून त्या धुतल्या आणि एकेकानं त्यांत हात घालून पाहिला. एवढ्या गाड्या तिथून गेल्या होत्या की दगड झिजला होता. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी सरपंचांनाच पेढा भरवला. मग वळून पाहिलं तर माझी देवडी छातीएवढी उंच झाली होती आणि मला आत चढता येईना.

पण माझी जाऊ आनंदात नव्हती. ती म्हणाली, "हा खड्डा हाय. पावसात इथं तळं होनार. गाडी काय पोहत येल?" सगळ्यांची तोंडं उतरली. तिनं चिऱ्यांवर हंडाभर पाणी ओतलं आणि कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. पाणी थोडं थांबलं, मग डाव्या देवडीच्या पायथ्याच्या कोपऱ्याकडे सरकलं आणि दिसेनासं झालं. खणताना तिथे उतरवून ठेवलेलं पाइपांचं भंगार आम्ही काढलं, कुत्र्यांना उठवलं. मागे दगडी मोरी निघाली, मातीनं बुजलेली. तिनं पदर खोचला, बांबू घेतला आणि आत घालून ढोसत राहिली, तोवर पलीकडच्या खंदकात गढूळ पाण्याची धार पडली. बांधणाऱ्यांनी पावसाचा विचार आधीच केला होता. कोकणातच बांधत होते ना ते.

पावसाच्या तोंडावर गाडीची परीक्षा झाली. डेपोतून एक साहेब आले आणि तोच ड्रायव्हर. साहेब म्हणाले, गाडी रिकामी जाऊन दाखवायची, एकही माणूस चढणार नाही. अख्खं गाव दोन्ही बाजूंना उभं राहिलं. मी स्टुलावरून देवडीत चढले होते, तिथून मला टप आणि दगड दोन्ही दिसत होते. गाडी आत आली. टप आणि कमान यांच्यामध्ये हातभर उजेड होता. ती चौकात वळली, परत आली आणि तसाच उजेड ठेवून बाहेर पडली. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "ताई, आता बॅन्डवाले नाही बसवले तरी चालेल."

दुसऱ्या सकाळी पहिल्या गाडीत माझी जाऊ होती. गाडी दरवाजाखाली हळू झाली. आता खिडक्या माझ्या मांडीच्या पातळीवर आल्या होत्या. तिनं खिडकीतून रेवदंड्याचा ब्लाउज माझ्या मांडीवर टाकला. "बाह्या बग जरा," म्हणाली. संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिची पानं संपली होती आणि पिंपळाच्या सावलीचं ती बोलली नाही, म्हणजे मिळाली होती. ब्लाउज तयार होता. मी त्याच्या बाह्यांबद्दल काय काय बोलायचं ते दिवसभर ठरवलं होतं, पण बोलले नाही.

ह्याला वर्ष होऊन गेलं. यंदा उन्हाळ्यात एका सकाळी मी मशीनवर बसले होते आणि खडीचा ट्रक दरवाजाबाहेर येऊन उभा राहिला. मागे डांबराची गाडी, वाफा सोडत. ठेकेदाराचा माणूस नवीन होता, बाहेरगावचा. त्यानं मला कागद दाखवला नाही, तोंडानंच सांगितलं. ह्या रस्त्यावरचे सगळे खड्डे बुजवायचं काम आहे, आणि सगळ्यात मोठा खड्डा दरवाजाखाली आहे. त्याला तो खड्डा दिसत होता, ह्यात त्याचा दोष नाही. दोन्हीकडून रस्ता उतरतो, मध्ये खोलगट. मी देवडीतून ओरडून सांगायला लागले, पण ट्रक वळून पाठीमागून कमानीकडे यायला लागला होता.

सकाळची गाडी तेवढ्यात चौकातून आली. माझी जाऊ पुढच्या खिडकीत होती. तिनं ट्रक पाहिला, खडी पाहिली आणि कंडक्टरची दोरी स्वतःच ओढली. ट्रकनं पुढे सरकून वाट दिली आणि गाडी कमानीबाहेर जाऊन थांबली. ती उतरली. कंडक्टरनं टोपल्या खाली दिल्या, पोतं दिलं. ती ते सगळं एकेक करून परत कमानीखाली घेऊन आली. मी स्टूल शोधत होते तोवर तिनं काळ्या फरशीवर मधोमध टोपल्या मांडल्या आणि त्यांच्यामध्ये बाजारात बसते तशी मांडी घालून बसली.

ठेकेदाराचा माणूस गोंधळला. आधी त्यानं शेंगांचा भाव विचारला, मग तिला उठायला सांगितलं. ती उठली नाही. बाहेर गाडीनं दोनदा भोंगा वाजवला. ड्रायव्हरला वेळ गाठायची होती. कंडक्टरनं हात केला, तिनं जा म्हणून हात केला आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. मला माहीत होतं, आता पिंपळाखाली दुसरं कोणीतरी बसणार.

तो माणूस म्हणाला, "अहो बाई, तुमची गाडी गेली की."

"जाऊ दे," माझी जाऊ म्हणाली. "ती उद्या पन यायला पायजे ना."

मी स्टुलावरून उतरले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनं टोपली सरकवून मला जागा दिली, शेंगा पुढे केल्या, आणि सरपंच येईपर्यंत आम्ही दोघी जुड्या बांधत बसलो.